परिचित कोण ?

मराठी भाषेच्या शुद्धतेविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गास मोठी आस्था आहे, असें सर्वत्र ऐकूं येतें. ती आस्था खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं; आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती शब्दाच्या उंबरठ्यावर थबकते, वाक्याच्या घरांत शिरत नाहीं. 'मेयर' म्हणावें कीं 'महापौर', 'तारीख' लिहावी कीं 'दिनांक', यावर घटकान् घटका वाद घालणारे गृहस्थ 'मी या विषयाशीं पुरेसा परिचित आहे' हें वाक्य निःशंकपणें लिहून जातात, आणि त्यांत एकहि इंग्रजी शब्द नाहीं एवढ्यावरून आपण मायबोलीची सेवा केली असें समाधान मानतात. पण त्या वाक्याकडे नीट पहावें. 'आय ॲम क्वाइट फॅमिलिअर विथ धिस सब्जेक्ट' हेंच तें वाक्य. अंगांतला कोट काढून त्यास अंगरखा घातला आहे, चाल मात्र साहेबाचीच राहिली आहे. शब्द देशी आणि सांचा विदेशी असा हा प्रकार आहे. आणि परकीय शब्दापेक्षां परकीय सांचाच भाषेस अधिक घातक आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. सगळ्या भाषेचा पसारा एका लेखांत मावणार नाहीं. म्हणून ओळख, परिचय, सवय, सराव या एकाच कुळांतील शब्दांपुरता हा विचार आम्हीं मर्यादित केला आहे.

शब्द हे कोणत्याहि भाषेंत एकटे राहत नाहींत. त्यांचे सोबती ठरलेले असतात. मराठींत पाऊस पडतो आणि ऊनहि पडतें, पण वारा सुटतो आणि थंडी वाजते. वारा 'पडला' म्हणजे तो थांबला. हें असें कां, याला व्याकरणांत उत्तर नाहीं. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट हेंच त्याचें उत्तर. इंग्रजीची गोष्ट याहून निराळी नाहीं, आणि नवल असें कीं, इंग्रजांना आपल्या भाषेंतील ही सोबत नीट मोजून मांडण्याची गरज परदेशांत शिकवितांना भासली. हॅरल्ड पामर हे इंग्रज अध्यापक टोकियो येथें जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीसाठीं काम करीत असतां त्यांनीं १९३३ सालीं इंग्रजींतील शब्दजोडण्यांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच परंपरेंतून ए. एस. हॉर्न्बी व त्यांचे सहकारी यांचा कोश १९४२ सालीं टोकियोंत छापला गेला, आणि १९४८ सालीं तोच ऑक्सफर्डकडून निघून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हातीं पडला. पुढें जे. आर. फर्थ यांनीं, शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, असा सिद्धांतच मांडला. तात्पर्य, शब्द एकेकटा पाठ करून भाषा येत नाहीं, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. आमच्या शाळांत मात्र अजून 'फॅमिलिअर म्हणजे परिचित' एवढी एक ओळ पाठ करविली कीं शिकविणें संपतें.

या एका ओळीनें दोन भाषांची खराबी कशी होते तें आतां पाहूं. प्रथम इंग्रजीची. ज्या वस्तूची आपणांस माहिती आहे ती वस्तु आपणांस फॅमिलिअर 'टु' असते, आणि आपण त्या वस्तूशीं फॅमिलिअर 'विथ' असतों. दोन्हींची दिशा उलट आहे. चेहरा ओळखीचा वाटून नांव आठवत नसेल तर तो 'व्हेगली' फॅमिलिअर. भेट झाली असतां मान लववावी एवढीच ओळख असेल तर ती 'नॉडिंग ॲक्वेंटन्स'. मित्र जिवाभावाचा असेल तर तो 'क्लोज', पण 'नोन' हा शब्द मित्राच्या जागीं उभाच राहूं शकत नाहीं. 'माझ्या ओळखीचा' याचें शब्दशः भाषांतर करून 'ही इज माय नोन' असें लिहिणारे विद्यार्थी मीं तीस वर्षें पाहत आलों आहें. याहूनहि चमत्कारिक घोटाळा पुढें आहे. 'मी माझ्या प्राध्यापकांशीं फार फॅमिलिअर होतों' असें विद्यार्थी कृतज्ञतेनें लिहितो. इंग्रज वाचकाच्या मनांत मात्र त्यावरून, हा मुलगा पायरी सोडून वागत होता कीं काय, अशी शंका येते. माणसाच्या बाबतींत 'टू फॅमिलिअर' म्हणजे नको तितकी सलगी. 'इंटिमेट' या शब्दाची कथा तर याहून नाजूक आहे. घरमालकिणीविषयीं आदरानें तो शब्द वापरणाऱ्या पदवीधरास आपण काय लिहून बसलों याची कल्पनाहि नसते. दोष मुलांचा नाहीं. त्यांना शब्द दिला, सोबती दिले नाहींत.

इंग्रजीची ही खराबी आमच्या लक्षांत तरी येते, कारण तिच्याबद्दल परीक्षेंत गुण कापले जातात. मराठीची जी खराबी होते तिच्याबद्दल कोणी गुण कापीत नाहीं. उलट ती प्रौढ भाषा म्हणून वाखाणली जाते. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे. 'परिचित' हा शब्द संस्कृत आहे. परि उपसर्ग लागलेल्या चि धातूचें तें कर्मणि भूतकृदंत. ज्याचा परिचय झालेला आहे तो परिचित. म्हणून 'ते माझे परिचित आहेत' हें ठीक. 'हा प्रदेश मला परिचित आहे' हेंहि ठीक. पण 'मी या प्रदेशाशीं परिचित आहे' असें म्हटलें म्हणजे काय झालें? ज्याला माहिती आहे तोच माहितीचा विषय होऊन बसला. जाणणारा आणि जाणलेलें यांची अदलाबदल झाली. 'अवगत' या शब्दाची हीच दशा. 'मला ती विद्या अवगत आहे' हें मराठी. 'मी त्या विद्येशीं अवगत आहे' हें कोणत्या भाषेंतलें वाक्य आहे, तें लिहिणाऱ्यानेंच सांगावें. आणि ही चूक अडाणी मनुष्य करीत नाहीं, हें विशेष. ज्याला संस्कृतचा गंध नाहीं असा शेतकरी 'मला ठाऊक आहे' असें निर्दोष बोलतो, आणि संस्कृत शब्दांचा सोस असलेला आमचा पदवीधरच संस्कृत व्याकरण पायांखालीं तुडवितो.

यावर प्रतिपक्षाचे दोन आक्षेप येतात, ते टाळणें योग्य होणार नाहीं. पहिला व्याकरणाचा. ते म्हणतात, भूतकृदंत हें नेहमीं कर्मणिच असतें असें कोठें आहे? 'जेवलेला मनुष्य' म्हणजे ज्यानें जेवण केलें तो. 'शिकलेला मुलगा' म्हणजे ज्यानें विद्या घेतली तो. मग 'परिचित' म्हणजे ज्यानें परिचय करून घेतला तो, असें कां म्हणूं नये? आक्षेप खरा आहे, पण उपयोगाचा नाहीं. 'जेवलेला', 'शिकलेला' हीं रूपें लोकांच्या तोंडून घडलीं. 'विषयाशीं परिचित' हें रूप भाषांतरकाराच्या मेजावर घडलें, आणि हिंदींतील तसल्याच प्रयोगानें त्याला हातभार लावला. याची परीक्षा सोपी आहे. कोणत्याहि मराठी घरांत जेवतांना 'मी या भाजीशीं परिचित नाहीं' असें कोणी म्हटल्याचें वाचकांस आठवतें काय? 'ही भाजी मीं कधीं खाल्लेली नाहीं' असेंच तेथें ऐकूं येईल. जें वाक्य घरांत बोलतां येत नाहीं तें केवळ कागदावर शोभतें म्हणून मराठी ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अभिमानानें केला जातो. इंग्रजींत ओळखीच्या छटा दाखविणाऱ्या शब्दजोड्या विपुल आहेत, मराठींत 'ओळख' आणि 'परिचय' एवढे दोनच शब्द. तेव्हां इंग्रजीचा सांचा उसना घेतल्यावांचून सूक्ष्म अर्थ सांगणार कसा? हा आक्षेप ऐकला म्हणजे आम्हांस खरोखर विषाद वाटतो. ज्याच्या परसांत विहीर आहे त्यानें पाण्यासाठीं शेजाऱ्याकडे घागर घेऊन जावें, आणि वर आपल्या वाडवडिलांनीं विहीर खणली नाहीं म्हणून त्यांना दोष द्यावा, तसा हा प्रकार आहे.

माणसामाणसांतील ओळखीचीच चढती श्रेणी पहा. नुसतें नांव कानावर असणें, चेहरा पाहिल्यासारखा वाटणें, मग तोंडओळख, मग रामरामापुरती ओळख, मग चांगली ओळख, मग जाणेंयेणें, मग ऊठबस, मग घरोबा. आणि याच श्रेणीला एक वांकडी फांदी फुटते, तिची नांवें घसट, सलगी आणि लगट. यांतील प्रत्येक शब्द आपली पायरी राखून आहे. वरिष्ठाशीं घसट असते, मुलानें वडील माणसाशीं सलगी करावी कीं नाहीं हा शिस्तीचा प्रश्न होतो, आणि लगट तर नकोशीच वाटते. विद्यार्थ्याचें जें वाक्य इंग्रजींत फसलें तें त्यानें मराठींत कधींच फसूं दिलें नसतें. 'प्राध्यापकांशीं माझी लगट होती' असें तो चुकूनहि लिहिता ना.

माणसें सोडून ज्ञानाकडे वळलें तर आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आमच्या मतें फार महत्त्वाची आहे. इंग्रजीनें 'फॅमिलिअर' हें एक विशेषण गांवाला, ग्रंथाला, हत्याराला आणि वाटेला सारखेंच लावलें. मराठी तसें करीत नाहीं. ती विचारते, ओळख झाली ती कोणत्या इंद्रियाच्या द्वारें? ऐकून झाली असेल तर गोष्ट कानावरून गेलेली असते. कागद वाचला असेल तर तो नजरेखालून गेलेला असतो. स्तोत्र तोंडपाठ असतें. कामावर हात बसतो, तें हातचा मळ होऊन जातें. कष्टाची संवय अंगवळणी पडते. आणि वाट पायाखालची असते. इंग्रज एखादा मुलूख आपल्या हाताच्या पाठीसारखा जाणतो. आपल्याकडे पूर्ण जाणलेली गोष्ट हस्तामलकवत् म्हणजे तळहातावरच्या आवळ्यासारखी असते. कान, डोळा, तोंड, हात, अंग, पाय, असा हा सगळा देह मराठीनें ओळखीच्या कामीं लावला आहे. 'परिचित' या एका नाण्यावर हा सगळा ऐवज मोडून टाकणें याला भाषेची श्रीमंती म्हणावें काय?

पुस्तकी उदाहरणें पुष्कळ झालीं. आतां आमच्या रायगड जिल्ह्यांतील कोलाडचेंच उदाहरण घेतों. मुंबई-गोवा महामार्गावरचें हें गांव. रोह्याकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. कोंकण रेल्वे रोह्यास सुरू होते आणि कोलाड हें तिच्यावरचें स्टेशन. मालानें भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून नेण्याची कोंकण रेल्वेची व्यवस्था १९९९ सालीं येथूनच सुरू झाली. अशा नाक्यावर जगांतली माणसें येतात आणि जातात. एस. टी. च्या थांब्यावर दोन अनोळखी माणसें बांकावर बसतात, 'गांव कोणतें?' 'माणगांवाकडचें.' 'माणगांवांत कोणाकडचे?' एवढ्या तीन-चार प्रश्नांत कोणाची मावशी कोणाच्या आळींत दिलेली आहे हें बाहेर येतें, आणि 'ओळख निघते'. हा प्रयोग लक्षांत घ्यावा. ओळख येथें केली जात नाहीं, ती निघते; जणूं ती जमिनींत पूर्वींपासून होतीच, फक्त माती बाजूला करायची होती. पुढें ती ओळख दिली जाते, ठेवली जाते, आणि दिवस पालटले म्हणजे कोणी कोणी ती विसरतोहि. 'त्यानें ओळख दिली नाहीं' या चार शब्दांत जो अपमान भरलेला आहे तो 'त्यानें परिचित असल्याचें दर्शविलें नाहीं' या वाक्यांत कोणी शोधून दाखवावा.

याच गांवावरून कुंडलिका वाहते. तिच्या पाण्याची हकीकत निराळी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशीचें धरण झालें; त्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांत सेनापति बापट हे अग्रभागीं होते. तें पाणी कड्यावरून खालीं उतरवून भिरा येथें वीज निर्माण केली जाते. तें वीजगृह १९२७ सालापासून चाललें आहे. विजेचें काम संपवून पाणी कुंडलिकेंत येतें, आणि त्या सोडलेल्या पाण्याच्या वेगावर आज शहरांतून आलेले तरुण रबरी होड्यांतून नदी उतरण्याचा खेळ खेळतात. म्हणजे ही नदी नुसत्या पावसाच्या हिशेबानें चालत नाहीं. पाणी केव्हां सुटतें यावर तिचें फुगणें अवलंबून असतें. नदीकांठच्या माणसास हें ठाऊक असतें; पाहुण्यास नसतें. आतां समजा, अशा नदीच्या कांठीं एखाद्या अधिकाऱ्यानें इंग्रजीवरून मराठी पाटी करविली, आणि ती अशी झाली : 'प्रवाहाच्या स्थितीशीं अपरिचित व्यक्तींनीं पात्रांत प्रवेश करणें टाळावें.' प्रत्येक शब्द शुद्ध आहे. पण तीन वेळां वाचून अर्थ लागेपर्यंत पाणी गुडघ्यावर येईल त्याचें काय? 'पाणी केव्हां सुटतें हें ठाऊक नसेल तर नदींत उतरूं नका' असें लिहिलें असतें तर शाळेचें तोंड न पाहिलेल्या म्हातारीनेंहि, कोणी वाचून दाखवितांच, नातवाचा हात धरून त्याला मागें ओढलें असतें. भाषेचा सांचा हा पंडितांच्या करमणुकीचा विषय नसून त्यावर एखादे वेळीं जीवहि अवलंबून असूं शकतो, तो असा.

हा सांचा आमच्यांत आला कसा, हें पाहिलें म्हणजे दोष कोणाचा हेंहि कळतें. मोल्स्वर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं आला, आणि त्या कामांत मेजर कॅन्डी यांचा मोठा वांटा होता. शाळाखात्याच्या भाषांतरांवरहि याच कॅन्डीसाहेबांचा हात पुष्कळ वर्षें फिरत होता. या परकीयांनीं मराठीसाठीं घेतलेले श्रम कोणीहि नाकारणार नाहीं. पण शब्दाला शब्द ठेवून वाक्य उभें करण्याची रीत त्या काळच्या भाषांतरांत मुरली, हेंहि तितकेंच खरें. १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमाला काढली तेव्हां मराठी गद्याला स्वतःची चाल मिळाली; त्यांनीं इंग्रजी भरपूर वाचलें आणि वाक्य मात्र आपलें लिहिलें. त्यानंतर सावरकरांच्या भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधव जूलियन यांच्यासारख्या फारसीच्या पंडितानेंहि 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून तिची बाजू घेतली. या चळवळीनें आपणांस अनेक चांगले शब्द दिले. परंतु तिची गाळणी शब्दाच्या मापाची होती. वाक्याचा सांचा तीतून सहज खालीं उतरला. 'वाकबगार' हा शब्द मुळांत अरबी-फारसी म्हणून शुद्धिवाद्यांच्या डोळ्यांत खुपतो. पण 'तो त्या कामांत वाकबगार आहे' या वाक्यांत त्या परदेशी पाहुण्यानें मराठी सप्तमीचा मान राखला आहे. 'परिचित' हा घरचा, पण 'विषयाशीं परिचित' होतांना त्यानें घरच्या रीतीला रजा दिली. दोहोंपैकीं उपरा कोण, हें वाचकांनींच ठरवावें. दाते आणि कर्वे या संपादकांनीं १९४० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश सिद्ध करून मराठीच्या वाक्प्रचारांची तिजोरी आपणांपुढें उघडी केली. ती उघडून पाहण्याचे श्रम किती भाषांतरकार घेतात?

आतां तर भाषांतरासाठीं मनुष्याचीहि गरज उरलेली नाहीं. हातांतल्या मोबाईलला सांगावें आणि त्यानें क्षणांत वाक्य करून द्यावें, असा काळ आहे. यंत्राचा राग धरण्यांत अर्थ नाहीं. आपण जें मराठी लिहून ठेवलें त्यावरच तें यंत्र पोसलेलें आहे. आपण 'नियमांशीं परिचित व्हा' लिहीत राहिलों तर तें तेंच परत करील, आणि इंग्रजी शाळेंत जाणारीं आपलीं मुलें तेंच खरें मराठी समजून उचलतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मान्य केला. त्या दिवशीं आपण पेढे वांटले तें योग्यच झालें. पण दर्जा हा भूतकाळाच्या पुण्याईवर मिळाला आहे. 'अंगवळणी', 'पायाखालची वाट', 'ओळख निघणें' हे प्रयोग ज्या पिढीच्या कानावरूनहि गेले नाहींत त्या पिढीच्या हातीं अभिजाततेचें नुसतें प्रमाणपत्र राहील.

हें सर्व इंग्रजीच्या द्वेषानें लिहिलें आहे असा ग्रह कोणी करून घेऊं नये. मी स्वतः इंग्रजीच्या बळावर पोट भरतों. ज्या रोह्याच्या परिसरांत कोलाड आहे त्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. सारें आयुष्य इंग्रजी कारभारांत गेलेल्या याच गृहस्थांनीं मेघदूताचें मराठींत रूपांतर केलें. दोन्ही भाषा पूर्ण जाणणारा मनुष्य त्यांची खिचडी करीत नाहीं. खिचडी होते ती दोन्ही अर्धवट आल्यामुळें. म्हणून आमची सूचना दोन्ही भाषांच्या शिक्षकांना सारखीच आहे. शब्द शिकवितांना त्याचे सोबती शिकवा. 'फॅमिलिअर' सांगतांना 'टु' आणि 'विथ' सांगा, तो माणसाला लावला असतां काय अनर्थ होतो तेंहि सांगा; आणि लगेच विचारा, हें आपण घरीं कसें म्हणतों? मुलगा 'माहीत आहे', 'सवय आहे', 'ओळख आहे', 'पाठ आहे' असे चार प्रयोग देईल. त्या चारांतला कोणता कोठें बसतो हें ठरविण्यांतच त्याला दोन्ही भाषा कळतील.

आणि गृहस्थांना विनंति अशी कीं, अर्ज, निमंत्रण, सूचना, लेख, जें कांहीं मराठींत लिहाल तें पाठविण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसास मोठ्यानें वाचून दाखवा. ऐकतांना ज्या वाक्यापाशीं त्यांच्या कपाळाला आठी पडेल तें वाक्य खोडा आणि त्यांनाच विचारा, 'आई, हें तुम्ही कसें म्हणाल?' त्या जें सांगतील तें बहुधा आपल्या वाक्याहून तीन शब्दांनीं लहान असेल. तेंच लिहावें.